प्रिव्हेंटर आणि पायदान

‘रेल्वे सिम्युलेटर खेळातली केबिन आणि सुरक्षेची बटणं’ असा विषय जाहीर झाला, तेव्हा मागच्या रांगेत कुजबुज झालेली मी ऐकली. काका, पोराने मोबाइल सोडावा असं काही मी बोलेन म्हणून तुम्ही आलात, ठाऊक आहे. थोडं थांबा. मी तुमच्या विहिरीपासूनच सुरुवात करतो.

माझा धंदा मोटर वायंडिंगचा. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की दुकानासमोर जळालेल्या मोटरी येऊन पडतात. स्टार्टर उघडला की बहुतेक वेळा एकच दिसतं: सिंगल फेज प्रिव्हेंटर डायरेक्ट केलेला. एक फेज गेला की मोटर बंद करायची, एवढंच त्या डबीचं काम. पण रात्री दोनला थ्री फेज येते, थंडीत बांधावर उभा माणूस बटण दाबतो, ती ट्रिप होते, पुन्हा ट्रिप होते. मग तो म्हणतो, ‘हे लय तरास देते राजा, काढून टाक.’ वायर जोडली की मोटर चालते. पुढे एक फेज जातो, उरलेल्या दोन फेजवर करंट चढतो, तारेवरचं वार्निश करपतं. तो वास मला रस्त्यावरून कळतो. मागच्या हिवाळ्यात एक शेतकरी दोनदा आले, तीच मोटर घेऊन. नाव सांगत नाही, तिसऱ्या रांगेत बसलेत.

ते आले त्या दिवशी माझा भाचा कंप्युटरवर रेल्वे सिम्युलेटरच्या खेळात मालगाडी चालवत होता. गाडी धावतेय आणि हा उठून चहा आणायला निघाला. म्हटलं, ‘अरे, गाडी कोण पाहते?’ म्हणाला, ‘मामा, ते व्हीसीडी घडीघडी वाजते. बंद केली.’ मी पाना खाली ठेवला. दोघांचं वाक्य एकच होतं!

व्हीसीडी म्हणजे चालक जागा आहे का, हे तपासणारी यंत्रणा. मिनिटभर थ्रॉटल, ब्रेक, हॉर्न कशालाच हात लागला नाही, तर दिवा लुकलुकतो. सुमारे 8 सेकंदांत दाद दिली नाही तर बझर. आणखी 8 सेकंद गेले की ब्रेक आपोआप लागतो.

मूर्तिजापूरला बोलायचं आणि आपल्या छोट्या रुळांवरच्या गाडीचं, शकुंतलेचं, नाव घ्यायचं नाही, असं कसं होईल? तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला 1921 साली बनलं आणि 1994 पर्यंत धावलं. त्यावर चालक आणि कोळसा टाकणारा फायरमन शेजारी असत. एकाला डुलकी आली तर दुसरा खांदा हलवी. व्हीसीडी म्हणजे तो खांदा हलवणारा हात.

मग खेळातल्या व्हीसीडीला पायाने दाद देता यावी म्हणून मी शिलाई मशीनचं जुनं पायदान घेतलं, खाली स्प्रिंग आणि स्टार्टरचं हिरवं बटण बसवलं, वायरी जुन्या कीबोर्डच्या पट्टीला डाग देऊन जोडल्या. पहिल्याच दिवशी भाच्याने त्यावर वीट ठेवली. गाडी थांबली. झोपलेल्या माणसाचा पायही विटेसारखाच जड पडून राहतो ना! पाय उचलून पुन्हा दाबला, तरच यंत्रणा मानते. आठवडाभरात त्याचा पाय आपोआप हलू लागला, नजर सिग्नलवरून हटेना.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं? बरं, मूळ मुद्दा आता भराभर सांगतो.

माझं म्हणणं असं की खेळात ही यंत्रणा पहिल्यापासून चालू असावी. आज बऱ्याच खेळांत ती खेळाडूने स्वतः चालू करावी लागते. जर्मन गाड्यांत सिफा नावाची अशीच यंत्रणा असते, तिथे पाय 30 सेकंदांच्या आत उचलून पुन्हा दाबावा लागतो. इंग्लंडच्या एडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे सिग्नलचा इशारा केबिनमध्ये देणाऱ्या यंत्रणेत, सिग्नल पिवळा किंवा लाल असला की भोंगा होतो. बटण दाबलं की सूर्यफुलासारखी काळी-पिवळी चकती समोर येते, म्हणजे आपण इशारा ऐकलाय हे चालकाला दिसत राहतं.

दुसरं, ब्रेक. आपल्याकडे ब्रेक पाइपात 5 किलो दाब असतो. हवा सोडली की ब्रेक लागतो, भरली की सुटतो. पाइप फुटला तरी गाडी थांबतेच. हे प्रिव्हेंटरचंच तत्त्व आहे. खेळात एक बटण दाबताच जागच्या जागी थांबणाऱ्या गाडीत पोराला हे कधी कळणार? ब्रेकचा दांडा ओढल्यावर काटा हळूहळू उतरताना त्याला दिसला पाहिजे.

पायदान त्या कोपऱ्यात जोडून ठेवलंय. लाइट आहे तोवर एकेकाने बसा. काका, पहिले तुम्ही. चप्पल काढा, आणि पाय दाबून धरू नका, उचला नि पुन्हा दाबा.