खडा कोणता, त्यावर गोळीचं गणित

[दृश्य: सोनोग्राफीचा पडदा]

पित्ताशयाच्या काळ्या पिशवीत हा पांढरा ठिपका, मागे काळी सावली. पेशंट कुशीवर वळला की ठिपका घरंगळतो. हा पित्तखडा. तो कोलेस्टेरॉलचा की कॅल्शियम साचलेला, हे मात्र सोनोग्राफीत नीट कळत नाही. आणि अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी लागू पडणार का, ते त्यावरच ठरतं.

हे पित्ताम्ल, म्हणजे पित्तातलं आम्ल, अस्वलाच्या पित्तात भरपूर, माणसात अगदी थोडं. जपानमध्ये १९५७पासून ते औषध म्हणून विकलं जातंय. आजच्या गोळीला अस्वल लागत नाही.

गोळी सुरू झाली की यकृत पित्तात कोलेस्टेरॉल कमी सोडतं आणि खड्यातलं कोलेस्टेरॉल हळूहळू पित्तात उतरू लागतं. त्यासाठी खडा एक्स-रेत न दिसणारा, म्हणजे कॅल्शियम न साचलेला हवा, २० मिलिमीटरपेक्षा लहान हवा; ५ मिलिमीटरच्या आतला असेल तर उत्तम. पित्ताशय आकुंचन पावत असलं पाहिजे, त्याची नळी मोकळी हवी. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या पेशंटमध्ये होणारे काळे खडे बिलिरुबिनचे, म्हणजे पित्तातल्या पिवळ्या रंगद्रव्याचे असतात. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल बराच आढळतो, तिथे हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण त्या खड्यांवर ही गोळी चालत नाही.

डोस वजनावर: किलोमागे रोज ८ ते १० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३००ची गोळी दोनदा, जेवणासोबत. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. वर्षभरात खडा जराही लहान झाला नाही, तर पुढे फारशी आशा नसते. विरघळला, तरी पाच वर्षांत जवळजवळ निम्म्या लोकांना पुन्हा होतो.

पीबीसी (प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस) या यकृतातल्या बारीक पित्तनळ्यांच्या आजारात डोस वाढतो: किलोमागे १३ ते १५ मिलिग्रॅम, बहुधा आयुष्यभर. वर्षाने रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम किती उतरलं ते पाहतात. अंगाची खाज मात्र या गोळीने थांबेलच असं नाही. पीएससी (प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस) या पित्तनळ्या आकसण्याच्या आजारात किलोमागे २८ ते ३० मिलिग्रॅमचा डोस देऊन पाहिला, त्यात अपायच जास्त झाला. फॅटी लिव्हरवर ही गोळी सर्रास लिहिली जाते. त्याला पुरेसा आधार नाही.

फसतं ते साध्या गोष्टीत. जळजळ होते म्हणून गोळीसोबतच ॲल्युमिनियमवालं अँटासिड घेतलं, की ते आतड्यातच गोळीला बांधून ठेवतं. दोन तासांचं अंतर हवं. खाजेवरची कोलेस्टिरामिनची पूड असेल तर चार-पाच तासांचं. जुलाब झाले तर डॉक्टरांना सांगून डोस बदलून घ्यावा. पण उजव्या बरगडीखाली कळ, थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, असं दिसलं तर गोळीची वाट पाहत बसू नये. त्याच दिवशी सर्जन गाठावा.