शिवायचं की बाहेर काढायचं?

१३ मे १९८१. व्हॅटिकनमधला सेंट पीटर्स चौक, संध्याकाळचे सव्वापाच. उघड्या गाडीतून गर्दीला भेटत निघालेले पोप जॉन पॉल दुसरे एकाएकी कोसळतात. गोळी पोटात शिरली आहे.

जेमेली रुग्णालयात सर्जन फ्रान्चेस्को क्रुचित्ती पोट उघडतात. आत रक्तच रक्त. अशा वेळी आतड्याकडे नंतर बघायचं असतं, आधी रक्त कुठून येतंय ते शोधून थांबवायचं.

मग खरं चिवट काम सुरू होतं. पडद्यावर हे हात बघा. लहान आतडं चिमटीत धरून सर्जन ते वीत-वीत पुढे सरकवतो, प्रत्येक घडी उलटून बघतो. गोळी एका बाजूने शिरते, दुसऱ्या बाजूने निघते, म्हणून भोकं बहुतेक वेळा जोडीने सापडतात. मोजणी विषम आली, तर पुन्हा पहिल्यापासून. एक जरी नजरेतून सुटलं, तरी पोटात पू होतो.

लहान आतडं तसं समजूतदार. फाटका भाग कापून दोन टोकं शिवली की बहुधा जुळतं. मोठ्या आतड्यात मात्र शी असते आणि तिच्यात बेसुमार जंतू. टाका उसवला की सगळं पोटात.

म्हणून १९४३ मध्ये अमेरिकी लष्कराने आदेशच काढला: मोठं आतडं फाटलं, तर शिवून आत ठेवायचं नाही, त्याचं तोंड पोटाच्या कातडीवर काढायचं. शी बाहेर लावलेल्या पिशवीत गोळा होते. हीच कोलोस्टॉमी. एका तंबूतून दुसऱ्या तंबूत हलवल्या जाणाऱ्या सैनिकाच्या टाक्यांवर नजर कोण ठेवणार? तिथे ते शहाणपणच होतं. पण युद्ध संपलं तरी नियम राहिला. १९७९ मध्ये स्टोन आणि फेबियन या अमेरिकी सर्जननी निवडक रुग्णांवर चाचणी घेतली, तेव्हा थेट शिवलेल्यांनाच त्रास कमी झालेला दिसला.

निवडक, हा शब्द महत्त्वाचा. पोपचं रक्त फार गेलं होतं. पाच तासांहून जास्त चाललेल्या शस्त्रक्रियेत सुमारे ५५ सेंटिमीटर आतडं काढावं लागलं आणि कोलोस्टॉमीही करावी लागली. जूनमध्ये ते पिशवीसह घरी गेले, तापाने परत आले. आतडं पुन्हा जोडायला थोडं थांबू, असं डॉक्टरांचं म्हणणं. रुग्ण ऐकेना; अर्धवट बरं होऊन घरी जायचं नाही, हा हट्ट.

५ ऑगस्टला आतडं पुन्हा जोडलं. १४ तारखेला ते घरी गेले, पिशवीशिवाय.