मांडीवरची पेनाची खूण

श्रोतेहो, नमस्कार. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोट आठवतं. बाळ, मुतखडा, फार तर अपेंडिक्स. आज मी बोलणार आहे मांडीच्या सोनोग्राफीबद्दल, तीही आयसीयूतल्या पेशंटच्या.

सांगलीकरांना मांडीची किंमत काय सांगावी? तालमीत शड्डू ठोकला की समोरच्याला अंदाज येतो. पण तीच मांडी माणूस व्हेंटिलेटरवर गेला की भराभर ओसरते. लंडनच्या डॉक्टरांनी 63 अत्यवस्थ रुग्णांवरचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध केला. दहा दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार सरासरी जवळपास 18 टक्क्यांनी घटला होता. ज्यांचे एकाहून जास्त अवयव निकामी झाले होते, त्यांची झीज अधिक. याला नुसतं पडून राहणं एवढंच कारण नसतं. जंतुसंसर्गात शरीर स्वतःचाच स्नायू मोडून खातं आणि नवा बांधणं मंदावतं.

गंमत अशी, की नातेवाइकांना यातलं काहीच दिसत नाही. अंगावर सूज असते, त्यामुळे पाय उलट भरलेले वाटतात. वजनही वाढलेलं निघतं. आयसीयूत वजनकाट्यावर माझा फारसा भरवसा नाही.

म्हणून मग सोनोग्राफी. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक ते गुडघ्याची वाटी, हे अंतर टेपनं मोजायचं, ठरलेल्या जागी पेनानं खूण करायची. पाय सरळ, सैल. जेल सढळ हातानं लावायचं आणि प्रोब अगदी अलगद टेकवायचा, कारण दाबला की स्नायू चपटा होतो आणि माप चुकतं. पडद्यावर खाली हाडाची पांढरी रेघ दिसते, वर लंबगोल काळसर स्नायू. त्याचं नाव रेक्टस फेमोरिस. तो खराब होऊ लागला की आकसतोच, शिवाय पांढरट दिसू लागतो. काही दिवसांनी त्याच खुणेवर, शक्यतो त्याच माणसानं, पुन्हा मोजायचं. सगळं खाटेजवळच होतं. नळ्या-वायरींसकट पेशंटला सीटी स्कॅनला न्यायची कसरत वाचते.

पेशंट शुद्धीवर असेल तर हातापायांची ताकद तपासून गुण देता येतात. 60 पैकी 48 पेक्षा कमी म्हणजे अशक्तपणा नक्की. बेशुद्ध माणसाला ‘पाय उचला’ कसं म्हणणार? तिथं हे माप उपयोगी. अर्थात सूज स्नायूतही शिरते, तेव्हा एकट्या आकड्यावर निकाल द्यायचा नसतो. आणि मोजल्यानं स्नायू भरत नाही, हेही खरं.

बाहेर बाकड्यावर बसलेली मंडळी म्हणतात, “डॉक्टर, ताकदीची सलाईन लावा की.” पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, प्रथिनं शून्य. प्रथिनं जातात ती नाकातल्या नळीतून, मोजून. तीही ओतायची नाहीत. मूत्रपिंड बिघडलेल्यांना अति प्रथिनांनी अपायच होऊ शकतो.

तेव्हा राउंडच्या वेळी दोन गोष्टी विचारा: नळीतून प्रथिनं किती जाताहेत, आणि फिजिओथेरपिस्ट हातपाय कधी हलवणार. घरी सोडताना आणखी एक विचारा, पेशंट खुर्चीवरून हात न टेकता उठतो का. उठत नसेल तर देशी संडासात एकट्याला पाठवू नका, कमोडची खुर्ची आधी आणून ठेवा.