सही करायच्या आधी

(नाशिकमध्ये गंगापूर रोड भागातल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं आवरून लिहिलं आहे.)

नमस्कार मंडळी.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले, आणि आता काही वर्षं एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर आहे. तिथे माझी जागा 'सामान्य माणूस' म्हणून आहे. नियमातच तशी एक खुर्ची ठेवलेली आहे. डॉक्टर, औषधशास्त्राचे जाणकार, वकील, समाजशास्त्राचे अभ्यासक, आणि ज्याने वैद्यकाचं शिक्षण घेतलेलं नाही असा एक जण. किमान सात माणसं लागतात, त्यातली निम्मी तरी त्या हॉस्पिटलच्या बाहेरची, आणि अध्यक्षही बाहेरचा. माणसांवर कुठलाही अभ्यास करायचा असला की त्याची फाइल आधी आमच्या टेबलावर येते. आम्ही 'हो' म्हटल्याशिवाय एकाही पेशंटला त्यात घेता येत नाही.

मी या खुर्चीवर बसायला तयार का झाले, त्याला कारण माझ्या सासूबाई. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. शुगर वाढली म्हणून त्या एका हॉस्पिटलमध्ये दाखल होत्या. तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आले. "आजी, इथे सही करा, इथे, आणि मागच्या पानावर इथे." कागद इंग्रजीत. सासूबाईंनी उशीखाली चष्मा चाचपला, सापडला नाही, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, दाखल करतानाचाच एखादा कागद राहिला असेल. मी मान डोलावली. त्यांनी सही केली. चार महिन्यांनी तपासणीच्या फोनवरून आम्हाला कळलं, की त्या कसल्याशा अभ्यासात होत्या.

त्यांना काही इजा झाली नाही. कदाचित त्या औषधाचा फायदाही झाला असेल. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आणि मान मी डोलावली होती. ते माझ्या मनातून आजही जात नाही.

म्हणून आज दोनच गोष्टी बोलायच्या आहेत. हॉस्पिटलमध्ये संशोधन म्हणून जे चालतं ते नेमकं काय असतं, आणि कागद समोर आला की आपण काय करायचं.

आधी एक भीती दूर करू. 'अभ्यास' म्हटलं की लगेच नवं औषध टोचतील असं नसतं. आपल्याकडे म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासूनचं. राज्यभरची मेडिकल कॉलेजं त्याच्याशी जोडलेली आहेत. एमडी, एमएस करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला थिसिस लिहावा लागतो. वॉर्डात एखादी निवासी डॉक्टर येऊन "काका, दहा मिनिटं प्रश्न विचारू का?" म्हणते, तेव्हा बहुतेक वेळा तो थिसिस असतो. ती तुमचं वजन घेईल, रिपोर्ट बघेल, पायाला मुंग्या कधीपासून येतात ते विचारील. तुमच्या उपचारात त्याने काहीच बदल होत नाही. पण तिलाही कमिटीची परवानगी लागते, आणि तुम्हाला तिलाही 'नको' म्हणता येतं.

खरी समजून घ्यायची गोष्ट आहे ती औषधाची चाचणी, म्हणजे ट्रायल. तिच्यासाठी मी तुम्हाला द्राक्षाच्या बागेत नेते.

ओझरजवळ माझ्या मावसभावाची बाग आहे. दरवर्षी कुणी ना कुणी नवं टॉनिक घेऊन येतो. "दादा, मारून बघा, घडाचं वजन वाढतं." एका वर्षी त्याने ते विहिरीकडच्या प्लॉटला मारलं. घड झकास आले. आता हा गुण टॉनिकचा, की विहिरीकडच्या जमिनीचा? तिथे माती मुरमाड, पाण्याचा निचरा चांगला, तो प्लॉट एरवीही पुढेच असतो. टॉनिक मारलं आणि घड भरले, एवढ्यावरून काही म्हणजे काही कळत नाही.

मग कळायचं कसं? सगळ्या बागेतल्या वेलींना नंबर द्यायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. ज्यांची चिठ्ठी निघेल त्यांना टॉनिक, बाकीच्यांना नुसतं पाणी. छाटणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, थिनिंग म्हणजे मणी विरळ करणं, सगळ्यांना सारखंच. आणि काढणीच्या वेळी वजन करणाऱ्या गड्याला सांगायचं नाही, कुठल्या घडावर काय मारलंय, म्हणजे त्याचा हात नकळतही कुठल्या बाजूला झुकणार नाही. दोन-चार वेलींवर भागत नाही, शेकड्यांनी लागतात. मंडळी, औषधाची मोठी ट्रायल म्हणजे एवढंच. नवं औषध कुणाला आणि जुनं कुणाला, हे डॉक्टर ठरवत नाहीत, चिठ्ठी ठरवते. आजकाल ती चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो.

ऐकायला हे कठोर वाटतं. माझ्या जिवाचा निकाल चिठ्ठीवर? मलाही पहिल्या बैठकीत तसंच वाटलं होतं. पण चिठ्ठी तेव्हाच टाकायची असते, जेव्हा दोन्हींतलं कुठलं चांगलं हे कुणालाच ठाऊक नसतं. एक उपचार सरस आहे हे कळलेलं असताना कुणी चिठ्ठी टाकायला निघालं, तर ती फाइल आम्ही परत पाठवतो.

आणि 'ठाऊक नसणं' किती महाग पडतं, ते आपण याच गावात पाहिलंय.

एप्रिल २०२१ आठवा, कोरोनाची दुसरी लाट. रात्री-अपरात्री फोन वाजायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर एकामागून एक मेसेज, "बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीने हवा." प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ भाग. कोरोनातून बऱ्या झालेल्या माणसाचा तो पेशंटला द्यायचे, त्यातल्या अँटिबॉडी, म्हणजे आजाराशी लढणारे घटक, उपयोगी पडतील म्हणून. माझ्या भाच्याच्या सासऱ्यांसाठी आम्ही दीड दिवस वणवण केली. बरा झालेला डोनर शोधायचा, त्याच्या अँटिबॉडी तपासायच्या, त्याला गाडीने आणायचं, रक्तपेढीबाहेर रांगेत थांबायचं. पिशवी मिळाली तेव्हा भाचा रस्त्यातच रडायला लागला. सासरे वाचले नाहीत.

नंतर कमिटीच्या कामात मला समजलं, की या प्लाझ्माची ट्रायल आपल्याच देशात आधीच होऊन गेली होती. आयसीएमआरने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेने, २०२० मध्ये देशभरातल्या ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर ती केली. निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत प्लाझ्मा, निम्म्यांना फक्त नेहमीचे उपचार. २८ दिवसांत आजार गंभीर झालेले किंवा दगावलेले किती, ते मोजलं. प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के, न मिळालेल्यांत १८ टक्के. म्हणजे काही फरक नाही. हा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला होता. आम्ही पिशवीसाठी धावत होतो ते त्यानंतर सहा महिन्यांनी. आणि उपचारांच्या सरकारी सूचनांमधून प्लाझ्मा काढला गेला मे २०२१ मध्ये.

ते दीड दिवस आम्हाला त्यांच्याजवळ, निदान वॉर्डाच्या काचेपाशी तरी, बसता आलं असतं. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही. ज्या ४६४ जणांनी त्या काळात, ताप अंगात असताना सही केली, त्यांनी आपल्याला एक खरं उत्तर दिलं होतं. ते आपल्यापर्यंत वेळेवर पोचलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

उत्तर नेहमी 'उपयोग नाही' असंच येतं असं नाही. इथे बसलेल्यांपैकी काहींना क्षयाचे जुने दिवस आठवत असतील. पेशंटला घरापासून लांब, सॅनेटोरियममध्ये ठेवायचे. मोकळी हवा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती. १९५६ मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. गरीब वस्तीतले पेशंट घेतले, चिठ्ठीने काहींना सॅनेटोरियममध्ये पाठवलं, काहींना तेच औषध घरी दिलं. घर म्हणजे दाटीवाटीची खोली, अपुरं जेवण. सगळ्यांना वाटत होतं, घरचे मागे पडणार. १९५९ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्हीकडे गुण जवळजवळ सारखाच होता, आणि घरी राहिलेल्यांच्या नातेवाइकांना क्षयाची लागण जास्त झालेली नव्हती. बरं करत होतं ते औषध, हवा आणि खाट नव्हे. जगभरची सॅनेटोरियमं ओस पडत गेली त्यामागे या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. कितीतरी आया आपल्या लेकरांपासून तुटायच्या वाचल्या.

आणि एक अलीकडचं. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या पुढाकाराने स्तनाच्या कॅन्सरचा एक अभ्यास झाला, ११ केंद्रांत, जवळपास १,६०० बायकांवर. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती भूल द्यायचं साधं, स्वस्त इंजेक्शन द्यायचं. २०२३ मध्ये निकाल छापून आला. पाच वर्षांनी हयात असलेल्या बायका इंजेक्शनशिवाय शंभरात ८६, इंजेक्शन घेतलेल्यांत ९०. शंभरात चार! हा फरक एकट्या डॉक्टरला जन्मभर प्रॅक्टिस करून दिसला नसता. तो दिसायला दीड हजार बायकांनी हो म्हणावं लागलं.

ट्रायलचे टप्पे चार असतात, ते भराभर सांगते. पहिल्यात थोड्या लोकांवर औषध झेपतं का ते बघतात, दुसऱ्यात गुण येतो का आणि डोस किती, तिसऱ्यात शेकडो-हजारो लोकांवर तुलना, आणि चौथा औषध बाजारात आल्यावर. तुम्हाला विचारलं तर 'कितवा टप्पा?' एवढं जरूर विचारा.

आता तो कागद. द्राक्षाच्या वेलीला विचारावं लागत नाही. माणसाला विचारावंच लागतं. कमिटीत माझा सर्वांत जास्त वेळ मराठी संमतीपत्रावर जातो. इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून केलेलं मराठी येतं. एकदा वाक्य होतं, 'सहभागींचे यादृच्छिक पद्धतीने वाटप केले जाईल.' मी विचारलं, हे माझ्या शेजारच्या ताईंना कळेल? ते बदलून घेतलं, 'तुम्हाला दोनपैकी कुठली गोळी मिळेल हे चिठ्ठी टाकावी तसं कॉम्प्युटर ठरवील. डॉक्टर ते ठरवू शकत नाहीत.' '१५ मिली रक्त' याच्या पुढे लिहायला लावलं, 'चहाचे तीन चमचे'. कारण रक्त काढणार म्हटल्यावर लोकांना बाटलीच डोळ्यांसमोर येते. 'प्लासिबो'च्या जागी 'औषधासारखीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी'. बैठक लांबते, डॉक्टर मंडळी घड्याळाकडे बघतात. बघू देत. या कामात मी घाई करणार नाही.

कागद तुमच्या भाषेत मिळणं हा तुमचा हक्क आहे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक तटस्थ साक्षीदार हजर लागतो, आणि मगच अंगठा. कागदाची प्रत तुमच्याकडे राहते. घरी नेऊन मुलांना, फॅमिली डॉक्टरांना दाखवता येते. मधेच सोडता येतं, कारण न सांगता. २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, आणि भरपाईही. गंभीर काही घडलं तर डॉक्टरांना २४ तासांत वर कळवावं लागतं. नव्या औषधाची ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदवावी लागते. ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. नातवाला सांगा, तो दोन मिनिटांत काढून देईल.

शेवटी एका बाईंबद्दल सांगते. संमती कशी घेतात हे बघायला कमिटीच्या लोकांना जाता येतं, तशी मी एकदा गेले होते. बीपीच्या दोन गोळ्यांची तुलना होती, दोन्ही बाजारात मिळणाऱ्या. समोर सुरगाण्याकडच्या एक बाई, पन्नाशीच्या आसपास. अभ्यासाचं रोजचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटर मुलीने अर्धा तास नीट समजावून सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी नाही म्हटलं तर आत्ताची गोळी बंद करता का?" मुलगी म्हणाली, "नाही मावशी, ती चालूच राहील." मग पुढचा प्रश्न, "दर पंधरा दिवसांनी यायचं. एसटीचं भाडं तुम्ही देणार म्हणता. रोज बुडंल त्याचं काय?" मुलीकडे उत्तर नव्हतं, कारण कागदातच नव्हतं. "घरी विचारून सांगते," म्हणून बाई उठल्या.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या आणि नाही म्हणाल्या. दिवाळीनंतर सगळं घर दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला उतरतं, मुकादम सुटी देत नाही. मुलीने वहीत 'नकार' लिहिलं आणि त्यांना औषधाच्या खिडकीपर्यंत सोडून आली. नेहमीची गोळी मिळाली.

मी ते दोन्ही प्रश्न लिहून घेतले आणि पुढच्या बैठकीत मांडले. अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना मी विचारलं, की बागेत राबणारी माणसंच यात येऊ शकली नाहीत, तर त्यांना कुठली गोळी चांगली हे कुणाला विचारायचं? ते थोडा वेळ गप्प बसले. महिन्याभराने त्यांनी बदलाचा कागद पाठवला. मधल्या दोन भेटी फोनवर, बीपी मोजायची सोय दिंडोरीला, तीही संध्याकाळी कामं सुटल्यावर, आणि बुडालेल्या रोजाची रक्कम आकड्यात लिहिलेली. मी तो कागद दोनदा वाचला, आणि सही केली.