आदेशाचा कागद कुठे आहे?

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, इंटरनेटवरची सरकारी बंदी हा विषय मोठा आहे. आज मी त्यातलं एकच टोक धरणार आहे: बंदीचा आदेश. तो कोणी काढला, कशासाठी, किती दिवसांसाठी, आणि तो कागद तुमच्या-माझ्या हातात पडतो का?

शब्दांना घाबरणारं सरकार नाशिकने पूर्वीच पाहिलं आहे. १९०९ साली बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कविता छापल्याबद्दल, जन्मठेप! त्याच डिसेंबरात विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि १९१० साली प्रेस ॲक्ट आला. त्या कायद्याची मेख अशी, की तो छापखान्याच्या मालकालाच धरत होता. त्याच्याकडून अनामत रक्कम मागायची आणि आक्षेपार्ह काही छापलं तर ती जप्त करायची. मग मालकच हस्तलिखित वाचून परत करू लागला. सरकारला लेखकाच्या दारात जायचीही गरज उरली नाही.

आज छापखान्याच्या जागी फेसबुक, यूट्यूब, एक्स आहेत. लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी कंपनीला जबाबदार धरू नये, असं संरक्षण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ने त्यांना दिलं आहे, पण सरकारी सूचना आल्यावर मजकूर काढला तरच ते टिकतं. २०२१चे नियम आले तेव्हा त्यासाठी ३६ तासांची मुदत होती. इथे धंदा करायचा असलेली कंपनी सिडकोतल्या एखाद्या पोराच्या व्हिडिओसाठी सरकारशी भांडत बसेल का? व्हिडिओ जातो आणि त्या पोराला दोन ओळींचा मेल येतो. आदेशाची प्रत त्याला मिळत नाही.

दुसरा रस्ता त्याच कायद्याच्या कलम ६९ए चा, म्हणजे सरकारने साइट किंवा मजकूर थेट बंद करायला लावण्याचा. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. त्यानंतर श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी अशा पोस्टवरून अटक करू देणारं कलम ६६ए रद्द झालं. तो आपला मोठा विजय, आणि तो एका विद्यार्थिनीच्या याचिकेने मिळाला हे विसरू नका. पण त्याच निकालात न्यायालयाने ६९ए कायम ठेवलं. का ठेवलं? कारण साइट बंद करताना कारणं लेखी नोंदवावी लागतात, म्हणजे त्यांना कोर्टात आव्हान देता येतं. उत्तम. मात्र २००९च्या नियमावलीतला नियम १६ म्हणतो की तक्रार आणि कारवाई, सगळं गोपनीय. कारणं लिहायची आणि कपाटात ठेवायची! जो कागद दिसतच नाही, त्याला आव्हान कसं द्यायचं?

दिल्लीतल्या एका पत्रकाराने हुंड्याची टर उडवणारी साइट काढली होती: मुलाचं शिक्षण, पगार भरा, त्याचा 'भाव' बघा. २०१८ साली ती बंद झाली. बंदीचा आदेश मिळावा म्हणून त्याला उच्च न्यायालयात जावं लागलं. मे २०२२मध्ये न्यायालयाने सांगितलं, त्याला प्रत द्या, त्याचं म्हणणं ऐका. चार वर्षं गेली, आणि तीही नुसत्या प्रतीसाठी.

आता सबंध इंटरनेटच बंद करण्याकडे येतो. ऑक्टोबर २०१६मध्ये त्र्यंबकेश्वरजवळच्या तळेगावात लहान मुलीवर अत्याचाराचा प्रयत्न झाल्यावर जिल्ह्यात उद्रेक झाला आणि आपलं मोबाइल इंटरनेट बंद झालं, हे इथल्या अनेकांना आठवत असेल. तेव्हा मुख्यतः व्हॉट्सॲप थांबलं. आज तसं झालं तर? निफाडचा शेतकरी पिकअपमध्ये कांदा भरण्याआधी मोबाइलवर लासलगाव आणि पिंपळगावचे सकाळचे भाव बघतो आणि मगच गाडी कुठे वळवायची ते ठरवतो. रेंज नसेल तर अंदाजाने निघायचं. भाव पडलेला निघाला तरी परतीचं डिझेल कोण देणार? सुरगाणा, पेठकडे रोजगार हमीची हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून. रेशन दुकानात अंगठा मशीनवर. गेल्या काही वर्षांत सरकारनेच पोटापाण्याचे व्यवहार या तारेवर आणले. ती तोडण्याचा निर्णय आता कायदा-सुव्यवस्थेपुरता उरलेला नाही.

यावर पोलीस अधिकारी एक प्रश्न विचारतात, आणि तो खरा आहे. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच माणसं ठेचून मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी माणसं. अफवा मोबाइलवरून फिरत होती. मग इंटरनेट बंद केलं तर बिघडलं कुठे? माझं उत्तर असं. त्याच सुमारास मालेगावात अशाच जमावाच्या तावडीतून एक कुटुंब वाचलं, लहान मूल होतं त्यात. वाचलं ते पोलीस तिथे उभे राहिले म्हणून. इंटरनेट बंद झालं की अफवा तोंडी फिरत राहते आणि ती खोटी आहे हे सांगायचा पोलिसांचाच रस्ता बंद होतो. तरीही एखाद्या प्रसंगी, थोड्या भागात, थोड्या तासांसाठी बंदी लागू शकते हे मी मान्य करतो. त्या आदेशावर कारण, भाग आणि मुदत लिहिलेली हवी, एवढंच माझं मागणं आहे.

हे मागणं माझ्या पदरचं नाही. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९पासून इंटरनेट बंद होतं. अनुराधा भसीन या संपादिका न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत. तरी तिथे फोर-जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं, हेही सांगितलं पाहिजे. इंटरनेटबंदीसाठी केलेल्या २०२४च्या नियमांत कारणं, ठरावीक भाग, जास्तीत जास्त १५ दिवस आणि आदेशाची प्रसिद्धी, हे सगळं आलं आहे. पण आदेश तपासणारी समिती सगळी सचिवांची. सरकारचा आदेश सरकारच तपासणार! तिथे एक निवृत्त न्यायाधीश तरी असायला हवा, आणि हे आपल्या आमदार-खासदारांना आपणच सांगायला हवं.

तोवर हातात माहितीचा अधिकार आहे. मंत्रालयातल्या गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, नाहीतर त्याच कारणाने परत येतो. मागायचं काय? २०१६पासून नाशिक जिल्ह्यासाठी निघालेल्या इंटरनेटबंदीच्या प्रत्येक आदेशाची प्रत, आणि २०१७च्या नियमांनी आढावा समिती आणली, म्हणून त्यानंतरच्या आदेशांवर तिने काय निष्कर्ष काढला त्याची प्रत. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नकार आला तर कोणत्या कलमाखाली तो दिला हे त्यांना लिहावं लागतं. तो नकार जपून ठेवा, पहिलं अपील त्याच्यावरच होतं. अर्जाचा नमुना बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. मालेगाव, येवल्याहून आलेल्यांना शेवटची गाडी पकडायची असेल तर त्यांनी आधी भरून घ्यावा; मी थांबलो आहे.