हजेरीपुस्तक कुणाचं?

नमस्कार मंडळी. डाव्या बाजूला कारखानदार बसलेत, उजव्या बाजूला कामगार, आणि मधली वाट रिकामी आहे. मी दोन्ही बाजूंची वकीलपत्रं घेतो, त्यामुळे एकच गोष्ट दोघांनाही सांगणार आहे. कामगार न्यायालयात बहुतेक खटले कायद्याच्या मोठ्या प्रश्नावर अडत नाहीत. ते अडतात एका साध्या वाक्यावर. मालक म्हणतो, ‘हा माझा कामगारच नव्हता,’ आणि कामगाराजवळ ते खोडून काढायला कागद नसतो.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या आसपास, गोकुळ शिरगावला तुम्ही रोज बघता. फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला, माणूस आठ-दहा वर्षं राबतो. हजेरी मुकादमाच्या वहीत, पगार पाकिटात, मधे उचल. विचारलं, ‘नियुक्तीपत्र आहे का?’ तर हसून म्हणतो, ‘साहेब, मालक घरच्यासारखे आहेत.’ असतीलही. पण मालक आजारी पडतात, भागीदार वेगळे होतात, ठेकेदार बदलतो. त्या दिवशी घरचेपणाची साक्ष कोण देणार?

कायद्यात २४० दिवसांना फार वजन आहे. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं, तर त्या माणसाला एका दिवसात ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणता येत नाही. माणूस कमी करायचा तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई. पण हे २४० दिवस सिद्ध कुणी करायचे? २००२ साली वनखात्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की ते कामगारानं करायचं, आणि नुसतं प्रतिज्ञापत्र पुरेसं नाही. खूप जणांचे खटले या एका मुद्द्यावर गेले. पुढे २००५ च्या निकालात न्यायालयानं दुसरी बाजूही नीट मांडली. कामगारानं साक्ष द्यावी, मालकाकडचं हजेरीपत्रक आणि पगारपत्रक मागवून घ्यावं. ते हातात असूनही मालकानं दिलं नाही, तर त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येतं. म्हणजे ‘मी काम केलं’ एवढं म्हणून थांबायचं नाही. ‘त्यांचं हजेरीपुस्तक मागवा’ असा अर्ज करायचा.

माझ्याकडचंच एक प्रकरण सांगतो. नावं सांगत नाही. एक काका, नऊ वर्षं फेटलिंगला. एके दिवशी गेटवरच अडवलं. आम्ही हजेरीपुस्तक मागितलं, तर उत्तर आलं, ‘२०१९ च्या पुरात वाहून गेलं.’ पूर खरा होता, तुम्ही सगळ्यांनी भोगलाय, त्यामुळे त्या उत्तराला चटकन खोटं म्हणवेना. काका बसले, पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. त्यात ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड आणि एक खिशातली डायरी. डायरीत पेन्सिलीनं रोजची खूण. भरला दिवस तर उभी रेघ, खाडा तर फुली. उचल घेतली की रकमेपुढे मुकादमाची अर्धवट सही. त्या सह्यांवरून काका कुणाच्या हाताखाली होते ते दिसलं. आणि ईएसआयची वर्गणी भरताना दर महिन्याला किती दिवसांचा पगार दिला तो आकडा भरावाच लागतो. पूर कारखान्यात आला होता, सरकारी नोंदीत नव्हता. तो आकडा आणि डायरीतल्या रेघा महिन्यामागून महिना जुळत गेल्या. पुढच्या तारखेला समोरची बाजू तडजोडीला आली.

कामगार बांधवांनो, म्हणून तुमचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर पाठ असू दे. पीएफचं पासबुक तीन महिन्यांतून एकदा उघडून बघा. पगारातून रक्कम कापली आणि तिकडे जमा नाही, हे चार वर्षांनी कळण्यापेक्षा तीन महिन्यांत कळलेलं बरं. आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. कामाला लावताना घेतलेला तो कागद पुढे ‘स्वखुशीचा राजीनामा’ होऊन न्यायालयात येतो, मी अनेकदा पाहिलाय.

आता ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना सेवेबद्दल मिळणारी एकरकमी रक्कम, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. १९७२ पासूनचा हा हक्क. दहा किंवा जास्त माणसं असली की लागू, आणि एकदा लागू झाला की पुढे माणसं नऊ झाली तरी सुटका नाही. पाच वर्षं सलग नोकरी हवी; मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ती अट नाही. राजीनामा दिला तरी मिळते. ‘स्वतःहून सोडलंस, आता काही नाही’ हे चुकीचं आहे.

हिशेब फळ्यावर मांडतो. शेवटचा पगार, म्हणजे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, धरू १८,२०० रुपये. भागिले २६, आले ७००. गुणिले १५, आले १०,५००. ही एका वर्षाची ग्रॅच्युइटी. नोकरी १० वर्षं ८ महिने. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष, म्हणून ११. झाले १,१५,५०० रुपये. भागाकार ३० नं करायचा नाही. २६ च्या जागी ३० घातले की या माणसाचे १५,४०० रुपये बुडतात. कमाल मर्यादा वीस लाख, आणि देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याजासह. रोखून धरायची कारणं कायद्यानं मोजकीच दिलीत: कामगारानं केलेलं नुकसान, तेही नुकसानीपुरतंच, नाहीतर हिंसा आणि नैतिक अधःपतनाचा गुन्हा. जुनी उचल राहिली, हे त्यात नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे, लागू झाल्यात, त्यानं या हिशेबात एक मोठा फरक पडलाय. आजवर मूळ वेतन मुद्दाम लहान ठेवून भत्ते फुगवायची पद्धत होती. समजा एकूण २६,०००, त्यात मूळ ९,००० आणि १७,००० भत्ते. आता भत्ते निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनात मिसळतो. निम्मे म्हणजे १३,०००. वरचे ४,००० मुळात गेले आणि वेतन झालं १३,०००. वर्षाची ग्रॅच्युइटी पूर्वी ५,१९२ निघत होती, ती आता ७,५००. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला पाच वर्षं थांबायची गरज राहिली नाही, एका वर्षानंतर त्याचा हिस्सा मिळतो. नियुक्तीपत्र देणं बंधनकारक झालंय. नोकरी संपली, मग कामावरून काढलं असो की राजीनामा असो, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा.

मालक मंडळी, तुमच्या चेहऱ्यावरची काळजी मला दिसतेय. मंदी येते, मोठी कंपनी बिल सहा महिने लटकवते, आणि पगाराची तारीख मात्र थांबत नाही. तरी माझा अनुभव असा, की ज्यांचं रजिस्टर स्वच्छ आहे त्यांचे खटले लवकर संपतात. एखाद्यानं खरंच चोरी केली, दारू पिऊन मशिनवर आला, तर रागाच्या भरात गेटबाहेर काढू नका. लेखी आरोप द्या, खुलाशाला वेळ द्या, चौकशीत त्याला साक्षीदारांना प्रश्न विचारू द्या. चौकशी नीट नसेल, तर दोषी माणूसही सुटतो आणि मागचा पगार तुमच्या माथी बसतो. आणि ठेकेदाराची माणसं ‘आमची नाहीत’ म्हणून निश्चिंत राहू नका. ठेकेदारानं पगार बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. आपल्या महाराष्ट्रात तर १९७१ च्या कायद्यानं, कायमपणा मिळू नये म्हणून वर्षानुवर्षं बदली किंवा हंगामी ठेवणं हीच अनुचित प्रथा ठरवलीय.

त्या काकांचं काम संपल्यावर मी फाईल बंद करत होतो. त्यांनी विचारलं, ‘डायरी परत मिळंल का?’ त्यातल्या बऱ्याच रेघा त्यांच्या बायकोनं ओढल्या होत्या. काका घरी आले की ती विचारायची, ‘आज भरला का?’ आणि पेन्सिल घ्यायची.

आता ज्यांनी सोबत पगाराच्या स्लिपा किंवा हजेरीच्या वह्या आणल्यात, त्यांनी पुढच्या बाकावर या. मालकांनीही या. एकेक कागद आपण बघू.