केसरबाईंची साडेतीन मिनिटं

[पडद्यावर: फिरणारी ७८ आरपीएमची तबकडी. भैरवीचे सूर.]

१९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात गेली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. सगळ्या जगाचं संगीत सुमारे नव्वद मिनिटांत बसवायचं होतं. बाख, बीथोव्हन, चक बेरीचं रॉक अँड रोल, असे एकूण २७ तुकडे निवडले. भारताच्या वाट्याला एकच जागा आली आणि ती मिळाली सूरश्री केसरबाई केरकरांना. ‘जात कहाँ हो’ ही त्यांची भैरवी सुचवली संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी. मूळ तबकडी मात्र लवकर हाती लागेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात ती सापडली.

ही हकिकत आपण अभिमानानं सांगतो, आणि सांगावीच. पण ती सांगून झाली की आपण उठतो. बाईंचं गाणं ऐकायचं राहूनच जातं.

[पडद्यावर: गोवा, फोंडा तालुक्यातलं केरी गाव.]

केसरबाईंचा जन्म इथला, १८९२ सालचा. घराणं कलावंतांचं. लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीमखाँसाहेबांकडे शिकायला मिळालं. पुढे रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले. एवढ्या मोठ्या गुरूंकडची तालीम, पण तुकड्यातुकड्यांची. १९२१च्या सुमारास मुंबईत अल्लादियाखाँसाहेबांनी गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्या करून घेतलं, तेव्हा बाई तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्या वयात त्यांनी पुन्हा पहिल्यापासून गाणं शिकायला घेतलं, आणि खाँसाहेबांची तालीम वर्षानुवर्षं चालली. माझ्या मते केसरबाईंच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, व्हॉयेजर नव्हे.

कारण खुद्द अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. जयपूर-अत्रौली गायकी ज्यांनी घडवली, १९४६ साली ज्यांनी मुंबईत देह ठेवला, त्यांचं गाणं शोधायचं तर शिष्यांच्या गळ्यातच शोधावं लागतं. मोगूबाई कुर्डीकरांच्या, केसरबाईंच्या. आणि केसरबाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार काटेकोर. मैफलीत कुणी गाणं टिपून घेतलेलं त्यांना खपत नसे. त्यामुळे मागे राहिल्या त्या मुख्यतः या छोट्या तबकड्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, की सुई थांबली.

मैफलीत तासभर चालणारा राग एवढ्यात कसा मांडायचा? बाई घाई करत नाहीत. बंदिशीचा मुखडा, म्हणजे पहिली ओळ, आली की लगेच आकार लागतो, ‘आ’ या स्वरातलं गाणं. खुला, भरदार, कुठेही आवाज न चोरता. आलाप लय सोडून हिंडत नाही, तालाच्या अंगानंच पुढे सरकतो. मग तान, म्हणजे सुरांची वेगवान माळ. ती कुठे सुरू झाली ते कळतं, श्वास कुठे घेतला ते कळत नाही. मात्र समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, ती अशी येते, जणू दुसरीकडे जायला वाटच नव्हती.

[पडद्यावर: तबकडी बदलणारे हात. नट कामोद सुरू होतो.]

भैरवी हा सगळ्यांच्या ओळखीचा राग, मैफल संपवताना गायचा. जयपूर-अत्रौली घराण्याचं खरं वैभव आहे अनवट, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, आणि दोन राग मिळून झालेल्या जोड रागांत. म्हणून भैरवी ऐकून झाली की बाईंचा नट कामोद लावा, ‘नेवर बाजो रे’. नट आणि कामोद इथे आळीपाळीनं येत नाहीत. एका सुरावर नट वाटतो आणि तो सूर सुटेपर्यंत कामोद समोर उभा असतो. जोड कुठे आहे ते शोधायला तबकडी पुन्हा लावावी लागते. तिसऱ्यांदाही लावावी लागते. नंतर ललितागौरी ऐका, ‘प्रीतम सैंया’.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई गेल्या. व्हॉयेजर-१ झेपावून तेव्हा अकरा दिवस झाले होते. केरीत आज त्यांच्या नावाची शाळा आहे, गोव्यात त्यांच्या नावानं संगीत समारोह भरतो. आणि नट कामोद, ललितागौरी इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतात, थोड्या खरखरीसकट.